टॅब कोणाच्या हाती? बऱ्हाणपूर जिल्ह्यातील माध्यमिक शाळा आणि पडद्यावरचा पाठ

शाळेत टॅब आला म्हणजे शिक्षण आधुनिक झाले असे मानणारा एक पक्ष आहे आणि टॅब आला म्हणजे मुले हातची गेली असे मानणारा दुसरा. या दोन पक्षांच्या वादात एक साधा प्रश्न बहुधा मागे पडतो, तो असा की वर्गातला टॅब नेमके कोणाचे काम करतो. सात ते दहा इंची स्पर्शपटल असलेला, कळफलकाविना चालणारा आणि बॅटरीवर काही तास टिकणारा हा छोटा संगणक मुलाला त्याच्या पातळीवरचे उदाहरण देऊ शकतो, शिक्षकाला मुलाची चूक दाखवू शकतो आणि वरच्या कार्यालयाला पटसंख्येची माहितीही पुरवू शकतो. परंतु ही तीन कामे एकमेकांना नेहमीच पूरक नसतात, आणि कोणत्या कामाला वेळ मिळतो यावरच त्या उपकरणाचे शैक्षणिक मोल ठरते. मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्हा या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त ठरतो, कारण एका छोट्या सीमावर्ती प्रदेशात अनेक भाषा, निरनिराळे व्यवसाय आणि राज्य पातळीवरून आलेल्या अनेक डिजिटल योजना तेथे एकत्र आल्या आहेत.

येथे ‘माध्यमिक शाळा’ ही संज्ञा मध्य प्रदेशातील अर्थाने वापरली आहे. त्या राज्यात सहावी ते आठवीच्या शाळेला माध्यमिक शाळा म्हणतात, तर महाराष्ट्रात हेच वर्ग उच्च प्राथमिक गणले जातात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने याच तीन इयत्तांना शिक्षणाचा मधला टप्पा मानले आहे. साधारण अकरा ते चौदा वयाची ही मुले अक्षरओळखीच्या पलीकडे गेलेली असावीत, अपूर्णांक, बीजगणित आणि विज्ञानातील अमूर्त कल्पना त्यांना पेलाव्यात, अशी अभ्यासक्रमाची अपेक्षा असते. ती अपेक्षा आणि वर्गातले वास्तव यांच्यातील अंतर याच टप्प्यावर उघडे पडते.

जिल्हा आणि त्याच्या भाषा

१५ ऑगस्ट २००३ रोजी खंडवा, म्हणजे पूर्व निमाड, जिल्ह्यातून वेगळा झालेला बऱ्हाणपूर जिल्हा प्रशासनाने मध्य प्रदेशात असला, तरी इतिहासाने खान्देशाशी बांधलेला आहे. फारुकी सुलतानांची राजधानी असलेले बऱ्हाणपूर शहर पुढे मोगलांच्या खान्देश सुभ्याचे मुख्य ठाणे झाले आणि १६३१ मध्ये मुमताज महलचा मृत्यूही याच शहरात झाला. आज जिल्ह्याच्या दक्षिणेला जळगाव जिल्ह्यातील रावेर आणि मुक्ताईनगर हे तालुके आहेत, पूर्वेला अमरावती जिल्ह्यातील मेळघाट आहे, आणि सोयरीक, बाजार, दवाखाना व केळीचा व्यापार यांसाठी माणसे राज्याची सीमा रोज ओलांडतात. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ७,५७,८४७ होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते.

शाळेच्या दृष्टीने यातून निघणारा अर्थ असा की एका जिल्ह्यातील मुले अनेक भाषांतून वर्गात येतात. शहरातील यंत्रमागांच्या मोहल्ल्यांत उर्दू चालते, तापीकाठच्या केळीच्या पट्ट्यात मराठी आणि खान्देशी वळणाच्या बोली घरात असतात, खेड्यापाड्यांत निमाडी ऐकू येते, तर नेपानगर आणि खकनारच्या डोंगराळ भागात कोरकू व बारेली बोलणारी कुटुंबे आहेत. यांपैकी बारेली भिल्ल भाषांच्या गटातील आहे, तर कोरकू ही मुंडा कुळातील, म्हणजे संथाळी व मुंडारी यांच्या कुळातील भाषा असल्याने हिंदी किंवा मराठीशी तिचे व्याकरणाचे नाते नाही. सहावीतल्या कोरकू मुलाला हिंदीतील शाब्दिक उदाहरण सुटले नाही, तर तो गणितात अडला की भाषेत, हे केवळ उत्तरपत्रिकेवरून कळत नाही.

याच जिल्ह्यात कागदाचाही एक मोठा इतिहास आहे. नेपानगर येथे १९४७ मध्ये स्थापन झालेला कारखाना हा भारतातील वर्तमानपत्री कागदाचा पहिला कारखाना होय. आसपासच्या जंगलातील सालई व बांबू यांच्यापासून तेथे कागद तयार होऊ लागला आणि १९५६ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण करण्यात आला. आधुनिकीकरणासाठी २०१६ मध्ये थांबलेले तेथील उत्पादन ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले, आणि योगायोग असा की मध्य प्रदेशातील सरकारी शिक्षकांच्या हाती टॅब देण्याची योजनाही त्याच वर्षी आकाराला आली. कागद मागे पडून पडदा पुढे आला, असे चित्र मात्र यावरून काढता येत नाही, कारण सरकारी शाळेतील मुलाच्या दप्तरात आजही मुख्य साधन छापील पाठ्यपुस्तकच आहे आणि पडदा त्या पुस्तकाला जोडूनच वापरावा लागतो.

टॅब शाळेत कसा आला

एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत शाळा बंद असताना, मध्य प्रदेशच्या शिक्षण विभागाने ‘डिजिलेप’ या नावाचा कार्यक्रम सुरू केला. यात शाळावार व्हॉट्सॲप गट करून पालकांच्या मोबाइलवर रोज अभ्यासाच्या चित्रफिती पाठवल्या जात; मोबाइल नसलेल्यांसाठी आकाशवाणीवरून ‘रेडियो स्कूल’ होते. जुलै २०२० पासून ‘हमारा घर हमारा विद्यालय’ या मोहिमेत सकाळी घरात घंटा किंवा थाळी वाजवून शाळा ‘भरवायची’ आणि मुलाने ठरावीक वेळ अभ्यासाला बसायचे, अशी कल्पना होती. या सर्व प्रयत्नांतून एक गोष्ट लख्ख दिसली, ती म्हणजे घरात मोबाइल असणे आणि तो मुलाच्या अभ्यासाला मिळणे यांत मोठे अंतर असते. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या वार्षिक पाहणीनुसार, ग्रामीण भारतात सरकारी व खासगी शाळांत जाणाऱ्या मुलांपैकी घरी स्मार्टफोन असलेल्यांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेले. परंतु तो फोन बहुधा घरातल्या कमावत्या माणसाच्या खिशात, यंत्रमागाच्या पाळीवर किंवा केळीच्या बागेत असे, आणि संध्याकाळी घरी आल्यावर भावंडांत आधी कोणाला मिळावा, याचा निर्णय क्वचितच बहिणीच्या बाजूने लागे.

शाळा पुन्हा सुरू झाल्यानंतर राज्याने २०२२ मध्ये प्राथमिक शिक्षकांसाठी योजना आणली, तीनुसार शिक्षकाने ठरवून दिलेल्या किमान क्षमतेचा टॅब स्वतः विकत घ्यावा आणि १०,००० रुपयांपर्यंतची रक्कम शासनाने परत द्यावी. पुढच्या टप्प्यात माध्यमिक शाळांतील शिक्षकांचाही विचार झाला. टॅब मुलाला न देता आधी शिक्षकाला देण्याचा हा मार्ग तत्त्वतः शहाणपणाचा आहे, कारण जे साधन शिक्षकाच्या हातात रुळलेले नाही ते वर्गात टिकत नाही. एक टॅब, जोडीला एखादा प्रक्षेपक किंवा दूरचित्रवाणी संच आणि पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड एवढ्यावर पचनसंस्थेचे चलचित्र चाळीस मुलांना दाखवता येते. क्यूआर कोड म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा असा चौकोन, जो कॅमेऱ्यासमोर धरताच त्या पाठाशी जोडलेले साहित्य उघडतो. केंद्र शासनाच्या ‘दीक्षा’ या मंचावरचे बरेच साहित्य असेच उघडते आणि एकदा उतरवून घेतल्यावर ते इंटरनेटशिवायही चालते.

अडचण आहे ती शिक्षकाच्या टॅबवर कामांचा क्रम कसा लागतो यात. मध्य प्रदेशातील प्रत्येक विद्यार्थ्याला ‘समग्र आयडी’ हा कुटुंबाशी जोडलेला ओळख क्रमांक असतो, आणि प्रवेश, शिष्यवृत्ती, गणवेश, सायकल, परीक्षेचे गुण, मध्यान्ह भोजन या साऱ्यांच्या नोंदी पोर्टलवर चढवाव्या लागतात. जुलै २०२५ पासून शिक्षकांची हजेरीही ‘हमारे शिक्षक’ या ॲपवर घेण्याचे आदेश झाले. समूहातील शाळांवर देखरेख करणारा ‘जनशिक्षक’ आणि त्याच्यावरचे विकासखंड कार्यालय यांना या नोंदी हव्या असतात, त्या वेळेवर न गेल्यास विचारणा होते. मुलाने आज अपूर्णांकाचा सराव केला की नाही, अशी विचारणा मात्र त्याच दिवशी कोणी करत नाही. दोन-तीन शिक्षकांवर, किंवा एखाद्या नियमित शिक्षकावर आणि मानधनावरील ‘अतिथी शिक्षका’वर चालणाऱ्या शाळेत टॅब प्रथम कार्यालयाचे काम करतो आणि वेळ उरल्यास वर्गाचे, यात शिक्षकाचा आळस शोधण्याचे कारण नाही. ज्या कामाची विचारणा होते ते काम आधी होते, हा कोणत्याही कचेरीचा नियम शाळेलाही लागू पडतो.

आधीचे प्रयोग आणि त्यांचे हिशेब

मुलांच्या हाती उपकरण देण्याचे प्रयोग मराठी मुलखाला नवे नाहीत. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय चळवळीचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, खैराट या वाडीच्या शाळेत झाला. त्या चळवळीचा सर्वांत मोठा विस्तार मात्र पेरू देशात झाला, आणि तेथील ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा असे दिसले की मुलांचा संगणकाचा वापर वाढला, पण गणित आणि भाषेच्या प्राप्तीत फरक पडला नाही. ५ ऑक्टोबर २०११ रोजी भारत सरकारने ‘आकाश’ हा स्वस्त टॅब मोठ्या गाजावाजात आणला. त्याचा मंद प्रोसेसर, बोट जोरात दाबल्याशिवाय न ओळखणारे पटल आणि अल्प बॅटरी यांमुळे पहिली आवृत्ती लवकरच मागे पडली व पुढच्या वर्षी मुंबईच्या आयआयटीच्या देखरेखीखाली सुधारित आवृत्ती काढावी लागली.

याहून जवळचे उदाहरण मुंबई महानगरपालिकेचे आहे. २०१५ मध्ये पालिकेच्या शाळांतील आठवीच्या मुलांना, वेगवेगळ्या माध्यमांचा अभ्यासक्रम आधीच भरलेले, सुमारे २२ हजार टॅब देण्यात आले आणि जड दप्तराचे ओझे उतरवणे हा त्यामागचा एक जाहीर हेतू होता. त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्रात आठवीची पाठ्यपुस्तके बदलली. छापील पुस्तक बदलले की जुने रद्दीत जाते आणि नवे हातात येते, परंतु टॅबच्या स्मृतिपत्रिकेतील पाठ बदलण्यासाठी नवा करार, नवा मजकूर आणि प्रत्येक उपकरण हाताळणारा माणूस लागतो. शिवाय तीन वर्षांत बॅटरीचे आयुष्य उतरणीला लागलेले असते. त्यामुळे अशा योजनेत खरेदीच्या रकमेइतकाच दुरुस्तीचा, बॅटरीबदलाचा आणि मजकूर अद्ययावत करण्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा लागतो.

आंध्र प्रदेशाने २१ डिसेंबर २०२२ पासून आठवीचे विद्यार्थी व शिक्षक यांना सुमारे पाच लाख टॅब वाटले आणि त्यांत ‘बायजूज’ या खासगी कंपनीचा मजकूर भरला. जुलै २०२४ मध्ये त्याच कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. पाठ्यपुस्तक मंडळ बुडण्याची भीती कोणत्याही शाळेला नसते, पण टॅबमधील पाठाचा मालक बाजारातली कंपनी असेल तर तिच्या नफ्या-तोट्याची झळ वर्गापर्यंत येऊ शकते. यामुळेच मुक्त परवान्याच्या साहित्याला, म्हणजे जे कोणालाही विनामूल्य उतरवता, भाषांतरित करता आणि पुन्हा वाटता येते अशा साहित्याला, सरकारी शाळेत विशेष महत्त्व आहे. महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचा जो प्रयोग केला आणि ज्या कामाची दखल २०२० च्या ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ने घेतली, त्याचे बळही याच गोष्टीत होते: पुस्तक आणि पडदा यांना जोडणारा मजकूर शिक्षकाच्या हातात राहिला होता.

एका भागाकाराची गोष्ट

टॅबने शिकण्यात फरक पडतो का, या प्रश्नाचे उत्तर आधी मूल कुठे आहे हे पाहिल्याशिवाय देता येत नाही. ‘असर’च्या २०१८ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील आठवीच्या मुलांपैकी सुमारे ७३ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकली आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे सुमारे ४४ टक्के मुलांनाच जमले. याचा अर्थ, आठवीच्या चाळीस मुलांच्या सरासरी वर्गात वीस-बावीस मुले अशी असू शकतात की ज्यांना फळ्यावरचे बैजिक राशींचे अवयव पाडणे ऐकू येते, पण ते समजण्यासाठी लागणारी तळची पायरी त्यांच्याकडे नसते.

६१२ भागिले ६ हे एक उदाहरण घेतले तर टॅबचे खरे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा दोन्ही दिसतात. याचे उत्तर १०२ आहे, परंतु पुष्कळ मुले १२ लिहितात. मूल प्रथम सहाला सहाने भागून १ लिहिते, मग एक उतरवून घेते, एकात सहा जात नाही म्हणून दोन उतरवते, बाराला सहाने भागून २ लिहिते आणि मधले शून्य मांडायचे राहून जाते. वही तपासणाऱ्या शिक्षकाला फक्त चुकीचे उत्तर दिसते आणि चाळीस वह्यांच्या गठ्ठ्यात तो त्यावर फुली मारून पुढे जातो. अनुकूली सॉफ्टवेअर, म्हणजे मुलाच्या उत्तरानुसार पुढचा प्रश्न बदलणारी संगणकप्रणाली, ८१६ भागिले ८ आणि ५२५ भागिले ५ असे प्रश्न पाठोपाठ विचारते. पहिल्याचे उत्तरही १२ आणि दुसऱ्याचे १५ आले, तर मुलाला पाढे येतात, भागाकाराची रीतही येते, फक्त स्थानिक किंमत डळमळीत आहे, हे निदान तिला काही मिनिटांत करता येते. मग ते मूल सहावीत असले तरी त्याला तिसरीतील शतक-दशक-एककाच्या पायरीवर नेले जाते, आणि ही माघार सगळ्या वर्गासमोर होत नसल्यामुळे त्याची मानहानीही होत नाही. मात्र सहाशे बारा केळी सहा टोपल्यांत वाटली तर प्रत्येकीत बाराच येतील का, असे विचारून मुलाला स्वतःच्या उत्तरावर हसू आणण्याचे काम शेजारी उभा असलेला शिक्षकच करतो.

या दोन्ही गोष्टी जोडल्या की काय होते, याचा सर्वांत काटेकोर भारतीय पुरावा दिल्लीतील एका अभ्यासात मिळतो. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गनिमियन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये ‘माइंडस्पार्क’ या प्रणालीचा अभ्यास केला. त्यात मुख्यतः माध्यमिक वर्गांतील मुले शाळेव्यतिरिक्त केंद्रावर येत, पंचेचाळीस मिनिटे संगणकावर आपापल्या पातळीचे काम करीत आणि उरलेली पंचेचाळीस मिनिटे लहान गटात सहायक शिक्षकाकडे बसत. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या या मुलांची प्रगती साडेचार महिन्यांत, निवड न झालेल्या मुलांच्या तुलनेत, गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत दुपटीहून अधिक झाली. त्याच अभ्यासात सहावीची मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे असल्याचे आढळले. तथापि, शाळेच्या आपल्या इयत्तेच्या परीक्षेत गणितातील ही प्रगती उमटली नाही, कारण तिसरीच्या पायरीवरून पाचवीच्या पायरीवर आलेले मूल सातवीच्या प्रश्नपत्रिकेत तरीही नापासच दिसते. मध्य प्रदेशात पाचवी आणि आठवीची परीक्षा पुन्हा बोर्डाच्या धर्तीवर होऊ लागली असल्याने, टॅबचा उपयोग झाला की नाही हे फक्त त्या निकालावरून ठरवले गेले, तर खरी वाढ झालेली मुलेच अपयशी म्हणून मोजली जातील.

किती टॅब, कोणत्या तासाला

प्रत्येक मुलाला स्वतंत्र टॅब दिलाच पाहिजे, ही समजूत विक्रेत्याच्या सोयीची आहे. दहा हजार रुपयांचा एक टॅब धरला तर चाळीस मुलांच्या वर्गाला चार लाख रुपये लागतात. पाच मुलांमागे एक असे आठ टॅब घेतले तर ऐंशी हजार, आणि उरलेल्या रकमेत चार्जिंगची पेटी, सौरपट्टी, सुटे भाग आणि काही वर्षांची देखभाल बसते. पैशापेक्षा शैक्षणिक कारण अधिक महत्त्वाचे आहे. ‘प्रथम’ संस्थेने महाराष्ट्र, उत्तर प्रदेश आणि राजस्थानातील खेड्यांत साधारण दहा ते चौदा वयाच्या मुलांच्या पाच-पाचांच्या गटांना एकेक टॅब सोपवून जो कार्यक्रम चालवला, त्यात मुलांनी एकत्र बसून पाहणे, एकमेकांना विचारणे आणि पडद्यावरची कृती प्रत्यक्ष करून बघणे यांवर भर होता. आफ्रिकेतील मलावी या देशातही सरकारी प्राथमिक शाळांत सौरऊर्जेवर भारित होणारे सामाईक टॅब मुलांच्या चिचेवा भाषेतील धड्यांसह, आळीपाळीने, दिवसातून थोडाच वेळ वापरले जातात.

वापर सामाईक असला तर वेळापत्रकाची शिस्त आपोआप येते. आठवड्यातून तीन तास गणितासाठी, आठांचा गट टॅबवर, दुसरा गट शिक्षकाजवळ, तिसरा वहीत सराव करतो आणि तासाच्या मध्यावर गट फिरतात, अशी मांडणी बहुवर्ग अध्यापनाची सवय असलेल्या ग्रामीण शिक्षकाला परकी नाही. अशा फिरत्या मांडणीत आठ मुलांच्या गटाला आठही टॅब मिळतात, म्हणजे अनुकूली सरावासाठी आवश्यक असलेला एकांतही साधतो. जंगलपट्ट्यात जेथे मोबाइलची रेंज धरत नाही, तेथे शाळेत ठेवलेला छोटा स्थानिक सर्व्हर उपयोगी पडतो. हा म्हणजे पुस्तकाएवढा संगणक असून त्यात सारे धडे साठवलेले असतात आणि वर्गापुरत्या वायफायवरून इंटरनेट नसतानाही टॅब त्याला जोडता येतात. केंद्र शासनाच्या ‘यूडायस प्लस’ या शालेय माहितीसंचानुसार २०२४–२५ मध्ये देशातील सुमारे ६३ टक्के शाळांतच इंटरनेट होते, म्हणून ऑफलाइन वापर हा अपवाद न समजता मूळ नियोजनाचाच भाग समजावा लागतो.

भाषा आणि परिसर

बऱ्हाणपूरसारख्या जिल्ह्यात टॅबपासून सर्वांत मोठा लाभ संभवतो तो भाषेच्या बाबतीत, आणि नेमका तोच उपयोग योजनांच्या कागदपत्रांत सर्वांत कमी दिसतो. छापील पुस्तक कोरकू, बारेली, खान्देशी अशा प्रत्येक भाषेत काढणे प्रतींच्या संख्येमुळे महाग पडते, परंतु त्याच पाठावर कोरकूतील दोन मिनिटांचे निरूपण ध्वनिमुद्रित करून ठेवण्यास गावातला एक जाणता बोलणारा आणि एक शांत खोली पुरते. गणिताचे शाब्दिक उदाहरण मुलाने प्रथम आपल्या भाषेत ऐकावे, मग हिंदीत वाचावे, आणि तरीही अडल्यास अडचण गणिताची आहे असे शिक्षकाने समजावे, एवढी व्यवस्था झाली तरी निदान अचूक होते. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या मुक्त परवान्याच्या संग्रहात मराठी, हिंदी, उर्दू यांसह अनेक आदिवासी भाषांतील सचित्र गोष्टी उपलब्ध आहेत, आणि त्यात नवे भाषांतर शिक्षकांनाही घालता येते.

परिसर हा विषयही असाच. बऱ्हाणपूर शहराचा कुंडी भंडारा ही मोगलकालीन भूमिगत जलव्यवस्था १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखाना यांच्या सुभेदारीच्या काळात, तब्कुतुल अर्ज या इराणी जाणकाराच्या देखरेखीखाली उभी राहिली. सातपुड्यावर पडलेले पाणी जमिनीत मुरून तापीकडे झिरपत जाते. त्या झिऱ्यांना आडवे गाठून भूमिगत बोगद्यात घेतले गेले आणि ठरावीक अंतरावरील उभ्या विहिरींनी, म्हणजे कुंड्यांनी, हवा व उजेड आत सोडला गेला, त्यामुळे मोट किंवा पंपाशिवाय केवळ उताराने पाणी शहरात येई. २०२४ मध्ये हे स्थळ युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत आले, परंतु सातवीच्या विज्ञानातील भूजलाचा पाठ देशभर एकाच ठरीव आकृतीने शिकवला जातो.

टॅबचा कॅमेरा, नकाशा आणि ध्वनिमुद्रक यांचा उपयोग येथे पडद्यावर पाहण्याऐवजी पडद्यात भरण्यासाठी करता येतो. मुलांनी कुंड्यांची छायाचित्रे घ्यावीत, नकाशावर त्यांची रांग मांडून ती कोणत्या दिशेने जाते हे पाहावे, दोन कुंड्यांतील अंतर प्रमाणानुसार काढावे, बोगद्याच्या भिंतींवर साचणाऱ्या चुन्याच्या थरांचे कारण रसायनशास्त्राच्या पाठाशी जोडावे, आणि आजीला घरी पाणी कोठून येई हे तिच्याच बोलीत मुद्रित करून आणावे. जुलै २०२२ मध्ये बऱ्हाणपूर हा ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित झालेला देशातील पहिला जिल्हा ठरला, त्यामुळे आजीच्या उत्तराशेजारी घरातल्या नळाची नोंद ठेवली की भूजल, इतिहास आणि नागरिकशास्त्र एकाच उपक्रमात येतात. अशा उपक्रमाला गटामागे एक टॅब भरपूर होतो, आणि पुढच्या वर्षीच्या वर्गासाठी साहित्य म्हणून तो उपक्रमच शाळेत उरतो.

आक्षेपांची बाजू

टॅबवरील आक्षेप जुनाट म्हणून उडवून लावण्यासारखे नाहीत. ‘पिसा’ या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २०२२ च्या फेरीत सहभागी विकसित देशांतील सरासरी ६५ टक्के मुलांनी, निदान काही गणिताच्या तासांत तरी, डिजिटल उपकरणांमुळे आपले लक्ष विचलित होते असे सांगितले. स्वीडनसारख्या देशाने २०२३ मध्ये लहान वर्गांत पुन्हा छापील पुस्तकांकडे वळण्याचे धोरण जाहीर केले, आणि युनेस्कोच्या त्याच वर्षीच्या जागतिक शिक्षण अहवालाने तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर वर्गात येते हाच प्रश्न मध्यवर्ती मानला. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी आदल्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरणारे सुमारे ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे सुमारे ७६ टक्के होते. यावरून टॅब घरी पाठवण्यापेक्षा शाळेत ठेवण्याचा, आणि त्यावर ठरवलेल्या धड्यांखेरीज अन्य ॲप न चालू देण्याचा आग्रह योग्य ठरतो.

दुसरा आक्षेप माहितीच्या गोपनीयतेचा आहे. अनुकूली प्रणाली मुलाच्या प्रत्येक चुकीची नोंद ठेवते म्हणूनच ती उपयोगी ठरते, पण ती नोंद कोणाकडे, किती काळ आणि कशासाठी राहते हा प्रश्न त्याच कारणाने गंभीर होतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला मूल मानून तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक केली आहे. यंत्रमागावर किंवा हंगामी मजुरीवर असलेल्या पालकापुढे इंग्रजी अटींचा पडदा धरून अंगठा घेणे म्हणजे ही संमती नव्हे. पालकसभेत, त्यांच्या भाषेत, काय नोंदले जाईल आणि काय नाही हे समजावून सांगणे हे शाळेचे काम आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत खरा आहे: जेथे शिक्षकच अपुरे आहेत तेथे टॅबवर पैसा का घालावा? दिल्लीच्या अभ्यासातले यशही सहायक शिक्षकासह मिळालेले होते, यंत्राला एकट्याला नव्हे. रिक्त जागा भरण्याला टॅब पर्याय म्हणून पुढे केला जात असेल तर त्याला विरोधच व्हायला हवा. मात्र जेथे शिक्षक आहे पण त्याच्यासमोर पाच पातळ्यांची आणि तीन भाषांची मुले एका वर्गात बसली आहेत, तेथे तीन गटांपैकी एका गटाला अर्थपूर्ण कामात गुंतवून ठेवणारे साधन त्याला खरोखरच हवे असते.

म्हणून जिल्हा पातळीवर विचारायचा प्रश्न ‘किती टॅब वाटले’ हा नसून, आठवड्यातून किती तास तो टॅब मुलांच्या हाती होता आणि त्या तासांत कोणते मूल कोणत्या पायरीवरून कोणत्या पायरीवर गेले, हा आहे. त्यासाठी वर्षाच्या आरंभी आणि शेवटी इयत्तानिरपेक्ष चाचणी घ्यावी लागेल, पोर्टलवरील नोंदींचे काम शिकवण्याच्या वेळेबाहेर किंवा शाळासमूहातील वेगळ्या कर्मचाऱ्याकडे न्यावे लागेल, आणि जनशिक्षकाच्या भेटीच्या नमुन्यात नोंदींच्या रकान्यांच्या वर मुलांच्या प्रगतीचा रकाना आणावा लागेल. हे तिन्ही बदल नव्या उपकरणाविना, केवळ आदेशाने होण्याजोगे आहेत. ते झाले तर शिक्षकांच्या हाती असलेले टॅबही बऱ्हाणपूरच्या माध्यमिक वर्गांना उपयोगी पडू लागतील. ते न होता मुलांच्या हाती आणखी हजारो टॅब आले, तरी चाळीस मुलांतील निम्म्यांचा भागाकार होता तेथेच राहील.